मावशीने विलायत सोडली नव्हती

शाळेच्या शताब्दी स्मरणिकेसाठी चार पानं लिहून द्या, असा निरोप गेल्या महिन्यात आला. विषयही त्यांनीच ठरवून दिला होता: बाईंची प्रतिज्ञा. बाई म्हणजे माझी सख्खी मावशी. गिरगावातल्या त्या मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची आणि पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाली. शाळेच्या जिन्यात तिची तसबीर आहे. तसबिरीखालच्या पितळी पाटीवर कोरलं आहे की, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत परदेशी पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेऊन बाईंनी विलायतेचा प्रवास ऐन वेळी रद्द केला.

निरोप घेऊन आलेली तरुण शिक्षिका मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर तेव्हा प्रत्यक्ष हजर होतात ना?"

हजर होतो. ते वाक्य माझंच आहे. मावशीने ते कधीही उच्चारलं नव्हतं.

आई मी लहान असतानाच गेली. वडील परळच्या एका मिलमध्ये फिटर होते आणि आम्ही दोघं डिलाईल रोडच्या चाळीत एका खोलीत राहायचो. मावशीने लग्न केलं नाही. गिरगावात एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. शनिवारी दुपारी मी तिच्याकडे जायचो तो रविवारी रात्री जेवूनच परत यायचो. मॅट्रिकनंतर मला फोर्टात, बोटीची आणि विलायतेतल्या आगगाड्यांची तिकिटं काढून देणाऱ्या एका कचेरीत नोकरी लागली. तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिला झाला. म्हणाली, "आपल्या घरात कुणीतरी जगाच्या जवळ गेलं."

तिचा एक धडा शाळेत प्रसिद्ध होता. वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायची, टेबलावर कंदील ठेवायची आणि एका मोसंब्यात विणकामाची सुई आरपार खुपसून ते तिरकं धरायची. मग कंदिलाभोवती टेबलाला वळसा घालत चालायची. एका जागी थांबून म्हणायची, "हा वरचा भाग बघा, मुलींनो. मोसंबं स्वतःभोवती पूर्ण फिरलं तरी हा उजेडातून बाहेर जातच नाही. इथे जूनमध्ये रात्र होत नाही." वर्षानुवर्षं ती हे करत होती. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?"

"नाही गं."

"मग खरं कशावरून?"

सगळा वर्ग हसला, मावशीही हसली. त्या संध्याकाळी माझ्या पानात भात वाढताना मात्र तिने हे मला सांगितलं आणि डावाने आमटी ढवळत बसली. वाढायचं विसरली. "खरंच रे," ती म्हणाली, "मी शिकवते त्यातलं मी पाहिलंय काय? घोलवड आणि महाबळेश्वर."

तिथून विलायतेला जायचं ठरलं. सूर्य अजिबात न मावळणारा मुलूख आणखी उत्तरेला, नॉर्वेकडे आहे, हे तिला पाठ होतं. पण विलायतेच्या अगदी वरच्या टोकालाही मे संपता संपता काळोख असा पडत नाही, सूर्य बुडाला तरी आकाशात उजेड रेंगाळत राहतो. "मला तेवढं पुरे," ती म्हणायची. उन्हाळ्याची सुट्टी आणि साठवलेली रजा मिळून जेमतेम दोन महिने होत होते. त्यातला बराच काळ बोटीत जाणार होता. विलायतेत हातात राहत होते तीन आठवडे.

शाळेतला एक जुना, घड्यांवर फाटलेला इंग्लंड-स्कॉटलंडचा नकाशा तिने घरी आणला आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर लावला. टाचण्या आणि शिवणाचा लाल दोरा घेऊन आम्ही बसलो. तिने पहिली टाचणी लंडनच्या बंदरावर टोचली. मग स्टुलावर चढून दुसरी नकाशाच्या वरच्या कडेला.

मी विचारलं, "आणि मधे?"

"मधे आगगाडी."

"अगं, इतक्या लांब जाऊन दोनच ठिकाणं?"

"दोनच. खाली उतरायचं आणि वर जाऊन बसायचं. तिथे ढग फार असतात. एक संध्याकाळ वाया गेली तर दुसरी हवी, दुसरी गेली तर तिसरी. मी पाच-सहा दिवस नुसती बसणार आहे. बाकीचे दिवस येता-जाता लंडन बघेन."

आज वाटतं, त्या दिवशी तो नकाशा गुंडाळून ठेवला असता तर बरं झालं असतं.

मावशीच्या वाडीत कुणी काशीला निघालं की घराघरातून माणसं सुपारी घेऊन यायची. "आमचाही नमस्कार सांगा, आमच्या नावाने एक डुबकी मारा," म्हणायची. जाणारा एकटा जात नसे, सगळ्यांच्या वतीने जात असे. परत आला की गंगाजळ सगळ्यांना. ही इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट होती की, बाई विलायतेला निघाल्या म्हटल्यावर माणसं तशीच यायला लागली, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पहिली आली तळमजल्यावरची ख्रिस्ती शेजारीण. हे घराणं मूळचं मुंबईचंच, त्या वाडीपेक्षाही जुनं. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला लागून लिव्हरपूलला राहिला होता.

"टीचर, तुमी जाताय तर माझ्या पोराला बघून या. तो बोलतो लगीन नाय केलं. तुमी त्याला काय इचारू नका. नुसतं घरात जा आनि बघा, दारात बायमाणसाची चप्पल हाय का."

"आणि असली तर?"

"तर तिला सांगा, सासू जिती हाय."

मावशी पदर तोंडाला लावून हसली आणि मला म्हणाली, "लाव रे, लिव्हरपूलला टाचणी."

मग माझे वडील. त्यांच्या खात्यातले माग लँकेशायरमधल्या एका गावात ओतलेले होते. कारखान्याचं नाव त्या मागांच्या बाजूवर ठळक अक्षरांत होतं आणि तेल पुसता पुसता ते वडिलांना पाठ झालं होतं. आयुष्यात त्यांनी मावशीकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि म्हणाले, "ताई, माका थंयसून काय आणूक नको. त्या कारखान्याच्या दारात नुसत्या उभ्या ऱ्हवा. तेंका सांगा, तुमचो माग अजून चलता."

त्यांना कोण नाही म्हणणार? लँकेशायरलाही टाचणी लागली.

शाळेच्या चिटणीसांनी रजा मंजूर केली ती लंडनमधल्या दोन आणि बर्मिंगहॅममधली एक अशा मुलींच्या शाळा पाहून याव्यात, ह्या अटीवर. आणखी एक टाचणी. दोरा नकाशावर इकडून तिकडे फिरायला लागला. मला त्याची नशा चढली होती. कचेरीत विलायतेच्या आगगाड्यांचं जाडजूड वेळापत्रक होतं. जेवणाच्या सुट्टीत मी ते उघडून बसायचो. कुठली गाडी कुठे बदलायची, कुठे पहाटे पोचून मुक्काम वाचवायचा, सगळं मी जुळवत आणलं. बरोबरचे कारकून डबा खाता खाता मागे उभे राहून बघायचे. "काय रे, मावशीला पाठवतोयस की टपाल?" एकजण म्हणाला होता. मी ती स्तुती समजलो.

प्रत्येक नव्या टाचणीला दिवस लागायचे आणि ते मी एकाच ठिकाणाहून काढायचो. दुसरीकडे कुठे शिल्लकच नव्हते. दर खेपेला मी मावशीला विचारायचो, "वरचा एक दिवस कमी करू?" ती नकाशाकडे बघायची, मग म्हणायची, "बरं, कर." वाडीतल्या माणसांना नाही म्हणणं तिला जमत नव्हतं. नकाशाच्या वरच्या टोकाला शेवटी दोन रात्री उरल्या.

त्या दोन मी घेतल्या. वाडीने नव्हे, चिटणीसांनी नव्हे. मी.

आमच्या कचेरीतला एक इंग्रज साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मायदेशी गेला होता. जाताना सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, कधी इंग्लंडला यावंसं वाटलं तर कळव, तुझ्यासाठी काहीतरी करता येईल. निरोपाच्या वेळी माणसं असं बोलतात. बाविसाव्या वर्षी मला ते वचन वाटलं. साहेब दक्षिणेला समुद्रकाठच्या एका लहान गावात राहत होता. मावशी इंग्रजी सुरेख बोलायची. ती त्याच्या घरी गेली, चहा प्यायली, भाच्याबद्दल दोन शब्द बोलली, तर लंडनच्या कचेरीत माझी वर्णी लागेल, असा हिशेब मी मनाशी मांडला. त्या गावी टाचणी टोचली आणि मावशीला सांगितलं, "इथे दोन दिवस विश्रांती ठेवलीय तुला. समुद्र आहे, हवा चांगली आहे. सारखी धावपळ झेपायची नाही."

"आणि वरचं?"

"वर एडिंबरोपर्यंत नेतोय ना. एक मुक्काम आहे तिथे. तेही उत्तरेलाच आहे, मावशी. तिथेही उशिरापर्यंत उजेड असतो."

हे मी भूगोलाच्या शिक्षिकेला सांगत होतो.

तो उन्हाळा कसा होता हे आता सांगून कळणार नाही. जानेवारीत गिरगावात गोळ्या सुटल्या होत्या. वाडीच्या तोंडाशी भिंतीवर डांबराने लिहिलेल्या घोषणा पोलीस चुना फासून घालवायचे आणि पोरं रातोरात पुन्हा लिहायची. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईचा मुलगा सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात होता. मावशी बायकांच्या प्रभातफेरीत जायची, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायची आणि मग येऊन शाळेची तयारी करायची. अशा वेळी परदेशी जाणं बरं दिसेल का, असं मी एकदा सहज विचारलं होतं. तर म्हणाली, "मुंबई मिळायची असेल तर दोन महिने माझ्याविना मिळेल. मी काही एकटीने धरून ठेवलेली नाही."

निघायला थोडे दिवस राहिले तेव्हा वाडीने निरोप समारंभ ठरवला. रविवारी संध्याकाळी अंगणात सतरंज्या, पाच-सहा खुर्च्या, हार, पेढे. मी दुपारीच पोचलो. मावशी आतल्या खोलीत नकाशासमोर हात मागे बांधून उभी होती. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीच्या पाटीसमोर ती अशी उभी राहायची.

"इकडे ये," ती म्हणाली. "ह्या विश्रांतीच्या गावात काय आहे?"

"समुद्र आहे."

"समुद्र मला इथे चौपाटीवर आहे. काय आहे तिथे?"

मला खोटं सुचलं नाही. सांगितलं. साहेब, चहा, दोन शब्द, नोकरी.

ती खाली बसली. रागावली असती तर सोपं होतं. म्हणाली, "मग तसं सांगायचं होतंस. त्या बाईने सुनेची चप्पल बघून या म्हणून सांगितलं, तुझ्या वडिलांनी माग चालतो म्हणून सांगायला सांगितलं. तू सांगितलं असतंस तर तुझ्या साहेबाकडेही गेले असते. तू विश्रांती म्हणालास."

मी त्या गावच्या टाचणीकडे हात नेला.

"आणि एडिंबरो. अरे, मोसंबं हातात घेऊन मी हेच शिकवते ना? वर आणि थोडं वर ह्यात काय फरक आहे ते?" मग थोडी हसली. "हा दोरा बघ. सगळ्यांची विलायत आहे ह्यात. माझी तेवढी राहिली."

"मी बदलतो. आत्ता बदलतो."

"नको. कुणाकुणाचं काढशील? तिकीट पुढच्या वर्षावर टाकता येतं ना? टाक. पुढच्या वर्षी मी गुपचूप ठरवीन आणि बोटीत बसल्यावर सांगीन. आता खाली जाऊन लोकांना सांग, बाईंचं ह्या वर्षी जमत नाही. बस, एवढंच. मी साडी बदलून येते."

एवढंच सांगायचं होतं.

मी खाली आलो. अंगण भरलेलं होतं. शेजारीण पहिल्या रांगेत, कडेला वडील, मिलमधल्या रविवारच्या दुरुस्तीवरून आलेल्या कपड्यांतच. चिटणीस खुर्चीवर. मी म्हणालो, "बाईंचं जाणं रद्द झालंय." एकदम कुजबुज सुरू झाली. "का रे?" "तब्येत बरी नाही का?" "तिकिटाचा घोळ केलास काय?" हे शेवटचं चिटणीसांनी विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. वडीलही. जमत नाही म्हटलं की लोक वर जाणार, खोदून विचारणार आणि साहेबाचं सगळं बाहेर येणार, असं मला वाटलं. समोरच्या भिंतीवर डांबराची ताजी अक्षरं होती. माझ्या तोंडून निघालं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत परदेशी पाऊल टाकणार नाही, असं बाईंनी ठरवलंय."

चिटणीस खुर्चीवरून उठले. मग टाळ्या. मग घोषणा, वाडी दणाणून सोडणारी. मावशी जिन्यावरून खाली आली ती त्या गजरात. काय झालंय हे तिला कळायच्या आत तिच्या गळ्यात हार पडला. ज्या बाईचा मुलगा तुरुंगात होता ती पुढे झाली आणि रडत रडत वाकून तिने मावशीचे पाय धरले. "बाई, तुम्ही आमच्या पोरांची शान राखलीत," ती म्हणाली. मावशीने तिला उठवलं, पोटाशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मी पुष्कळ वेळा लिहायला बसलो आणि कागद फाडले.

सगळे पांगल्यावर वर गेलो. ती हार काढून खुंटीला अडकवत होती.

"पुढच्या वर्षी जाणार होते रे मी," ती म्हणाली.

"मी उद्याच सगळ्यांना खरं सांगतो."

"तिने माझे पाय धरले. आता तिला जाऊन सांगणार, की भाचा घाबरून काहीतरी बोलला? राहू दे."

मी राहू दिलं. मला ते सोयीचं होतं.

पुढच्या वर्षी सुएझचा कालवा बराच काळ बंद होता, बोटी वळसा घालून जात होत्या. मग सरकारने परकीय चलन आवळलं. तसंही तिचं जाणं झालंच नसतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण बोटी जात होत्या. शिक्षक जात होते, मीच त्यांची तिकिटं काढून देत होतो. मावशी जाऊ शकत नव्हती, कारण तिच्या नावावर मी शपथ घातली होती. शेजारणीचा मुलगा दोन-अडीच वर्षांनी स्वतःच आला, बायकोला घेऊन. दारात तिची चप्पल दिसल्यावर म्हातारीने आधी आरडाओरडा केला आणि मग वाडीभर केक वाटला. वडिलांचा माग ते निवृत्त झाले तेव्हाही चालत होता. ज्यांच्यासाठी टाचण्या लागल्या, त्यांचं मावशीच्या जाण्यावाचून काही अडलं नाही. साहेबाला मी कधी साधं पत्रही टाकलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या मेमध्ये आम्ही दोघं दादरला रोषणाई बघायला गेलो. माणसांचा पूर होता, पेढे कुणाच्याही हातावर पडत होते. मावशी लहान मुलीसारखी दिव्यांकडे बघत होती. मी म्हणालो, "आता सुटलीस तू. आता जाता येईल."

"गेल्या वर्षी मला मुख्याध्यापिका केलं ते विसरलास?" ती म्हणाली. "माझ्यापुढे दोघी सीनियर होत्या. कमिटीत कुणीतरी तुझंच वाक्य म्हणून दाखवलं आणि सगळ्यांनी हात वर केले. मुख्याध्यापिकेला उन्हाळ्याची सुट्टी नसते रे. प्रवेश, वेळापत्रक, गळकं छप्पर." मग तिने माझ्या हातावर अर्धा पेढा ठेवला. ती मला कधी टाकून बोलली नाही. उलट माझ्या लग्नात, मुलाच्या बारशाला पुढे होऊन सगळं केलं. प्रत्येक सत्कारात वक्ते ती प्रतिज्ञा सांगायचे, ती मान खाली घालून ऐकायची आणि लोक त्याला विनय म्हणायचे. निवृत्त झाली तेव्हा गुडघे गेले होते, पुढे डोळे. मोसंब्याचा धडा तिने शेवटचा केला तो माझ्या मुलासाठी. तेव्हा सुई तिला दिसत नव्हती, बोटांनी चाचपून तिने ती तिरकी केली. कोन बरोबर होता.

काही वर्षांपूर्वी तोच मुलगा मला इंग्लंडला घेऊन गेला. दहा दिवसांत सात शहरं. मी त्याला म्हटलं, आपल्याला अगदी वरच्या टोकाला जायचंय, तिथे दोन-तीन दिवस राहायचंय. तो मोबाईलवर बघत म्हणाला, "बाबा, वेळ कुठे आहे? आपण एडिंबरोला जातोय ना. तिथेही उशिरापर्यंत उजेड असतो."

त्याला काहीच माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं.

एडिंबरोला हॉटेलच्या खिडकीत मी खुर्ची ओढून बसलो. जून नुकता लागला होता. आकाश बराच वेळ निळसर राहिलं, मग करडं झालं. मुलगा दमून झोपला होता. खाली रस्त्यावरचे दिवे कधी लागले ते कळलं नाही. समोरच्या इमारतीचे दगड दिसेनासे झाले, मग दिव्यांच्या वरचे मजलेही. तिथे काळोख पडतो. मावशी बरोबर होती.

स्मरणिकेच्या संपादकांना माझी विनंती आहे. पाटी काढा असं मी म्हणत नाही. त्या बाईने मावशीचे पाय धरले ते खरंच होतं, तिचा मुलगा खरंच तुरुंगात होता. पण जिन्यात एखादी मुलगी थांबून विचारेल, बाईंनी खरंच असं केलं का, तेव्हा तिला सांगा, की बाईंना काळोख न पडणारी संध्याकाळ बघायची होती आणि त्या पुढच्या वर्षी जाणार होत्या.